रोवण्याची गोळी

मला माफ करणं जमत नाही आणि ज्यांना ते सहज जमतं त्यांच्यावर माझा फारसा विश्वास नाही. कदाचित म्हणूनच सोनीबाईशी माझं जमलं.

मी सुलताना. आरमोरीत बाजाराच्या गल्लीत माझं शिलाईचं दुकान आहे. रोवणा, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावायचं काम, सुरू होण्याआधी आसपासच्या बाया नवऱ्यांचे जुने फुलशर्ट घेऊन माझ्याकडे येतात. ते त्या साडीवर घालतात. कुणाची बाही उसवलेली, कुणाची बटणं गेलेली. सोनीबाई आपल्या टोळीतल्या सगळ्या बायांचे शर्ट एका गाठोड्यात बांधून आणायची, दुकानाच्या पायरीवर बसायची आणि काम होईपर्यंत उठायची नाही. सोपवलेलं काम डोळ्यांसमोर झालेलं बघायचं, हा तिचा स्वभाव. तिच्या पायांच्या बोटांमध्ये बारा महिने चिखल्या असायच्या आणि पायरीवर बसून ती त्यांना करंजाचं तेल लावायची. माझं गिऱ्हाईक नाक मुरडायचं. मी गिऱ्हाइकाला दुसरा दर्जी दाखवायची.

ती मूळची कुरखेड्याकडच्या जंगलातली, गोंड. लग्न होऊन इकडे आली, नवरा लवकर गेला, मुलगा लोकेश मोहर्लीला रिसॉर्टवर कामाला लागला. घरात ती आणि सून रंजीता. सासू-सुनेत भांडण नव्हतं असं नाही, पण रोवण्यात दोघी शेजारी-शेजारी ओळ धरायच्या आणि रंजीताची ओळ मागे पडली तर सोनीबाई बोलता बोलता तिचीही दोन रोपं लावून टाकायची.

तिचा डूख कसा असतो ते मी आधीच पाहिलं होतं. आमच्या गल्लीतल्या एका किराणावाल्यानं तिला एकदा "जंगली" म्हटलं. तेव्हापासून ती मीठसुद्धा पलीकडच्या गल्लीतून आणते आणि परत जाताना वळसा घालून, पिशवी हलवत, मुद्दाम त्याच्याच दुकानासमोरून जाते. तो बिचारा गल्ल्यावर बसून पिशवीकडे बघत राहतो. मला हे फार आवडायचं.

गुणवंतरावांचं शेत आरमोरीबाहेर सडकेला लागून आहे, घरही शेतातच. मोठं शेत, आणि माणूस जिभेवर साखर ठेवून बोलणारा. बायांना "माय" म्हणायचे. सोनीबाईची टोळी वर्षानुवर्षं पहिल्यांदा त्यांच्याच शेतात उतरायची.

रोवण्याचं काम ज्यानं केलं नाही त्याला एक गोष्ट सांगावी लागते. भरल्या पोटी वाकता येत नाही. कमरेतून दुमडलं की खाल्लेलं गळ्याशी येतं. म्हणून बाया सकाळी कोरा चहा पिऊन चिखलात उतरतात आणि शिदोरी सोडतात ती ऊन चांगलं वर आल्यावर. पाणीही बेतानंच पितात, कारण उघड्या शेतात आडोसा नसतो आणि बाईमाणसानं बसायचं कुठं? दिवसभर असं वाकल्यावर रात्री कंबर म्हणजे कुणी दुसऱ्याचीच आणून बसवली आहे असं वाटतं. हे मला टोळीतल्या बायांनीच सांगितलंय.

गुणवंतरावांची कंबर एकदा धरली होती. डॉक्टरांनी त्यांना सूज आणि दुखणं उतरवणारी गोळी लिहून दिली, ठरावीक दिवसांपुरती. त्यांना इतका आराम पडला की चिठ्ठी संपली तरी गोळी संपली नाही. चिठ्ठीशिवाय मिळू नये ते मिळवून देणारे लोक सगळीकडे असतात, तसे त्यांनाही सापडले. मग त्यांच्या डोक्यात आलं की ज्या गोळीनं मालकाची कंबर सरळ होते तिनं मजुरांची का होऊ नये? तेव्हापासून सकाळी चहाच्या किटलीबरोबर गोळ्यांची वाटी येऊ लागली. पाकिटं कात्रीनं कापलेली, एकेक गोळी सुटी, नाव कुठेच पुरतं नाही. टोळीची प्रमुख म्हणून सोनीबाई ती वाटायची, हळदीकुंकवाला साखर वाटावी तशी. बाया चहाच्या घोटाबरोबर गिळायच्या आणि खरंच भराभर रोवायच्या. गावात नाव झालं. मालक असावा तर असा, मजुरांच्या दुखण्याची काळजी घेणारा.

बाया तिला "रोवण्याची गोळी" म्हणायच्या. या नावानंच पुढचा घात केला.

गेल्या वर्षी रोवण्याच्या सुरुवातीलाच रंजीताचं मनगट सुजलं. पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, उपटून उपटून मनगट असं फुगलं की बांगडी रुतली. सोनीबाई तिला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टर मॅडमनी नीट तपासलं आणि गोळी लिहून दिली. जेवल्यावरच घ्यायची, भरपूर पाण्याबरोबर, थोडेच दिवस. मग विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे का?"

"नाई," रंजीता म्हणाली. सोनीबाईही म्हणाली, "नाई."

खोटं कुणीच बोललं नाही. औषध म्हणजे दवाखान्यातलं. शेतावर चहाबरोबर येते ती रोवण्याची गोळी. चहाला कुणी औषध म्हणतं का?

म्हणजे रंजीता घरी जेवणानंतर एक गोळी घ्यायची आणि सकाळी उपाशी पोटी सासूच्या हातून तीच गोळी दुसऱ्यांदा. मनगट उतरलं. पोट जळू लागलं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, कारण रोवण्यात पोट जळतंच. मग शौचाला काळं होऊ लागलं, डांबरासारखं. तेव्हा जांभळांचे दिवस होते, बांधावरच्या झाडाखाली सडा पडलेला, सगळ्या बायांच्या जिभा जांभळ्या. तिला वाटलं जांभळांमुळेच असेल. कुणालाही तसंच वाटलं असतं.

एका सकाळी ती ओळीत वाकलेली होती ती सरळ झालीच नाही. तशीच पुढे चिखलात पडली आणि रक्ताची उलटी झाली. माझा नवरा मुबीन मालवाहू ऑटो चालवतो. तो सडकेवरून जात होता, बायांनी ओरडून थांबवला. चिखलानं माखलेली रंजीता पोत्यांवर टाकून त्यानं दवाखाना गाठला. सोनीबाई मागे बसून तिचं डोकं मांडीवर धरून होती. मुबीन सांगतो, वाटेत ती रडली नाही, फक्त सुनेच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसत होती आणि पदरच चिखलाचा होता.

मॅडमनी पुन्हा विचारलं, काय काय खाल्लं, काय काय घेतलं. या वेळी सोनीबाईनं कनवटीला खोचलेली सुटी गोळी काढून दाखवली. पाकिटाच्या कापलेल्या तुकड्यावर अर्धं नाव उरलं होतं. मॅडमनी ते वाचलं, आपल्याच चिठ्ठीकडे पाहिलं आणि खुर्चीत मागे टेकल्या.

"ही कोणी दिली?"

"माह्या हातानं देली," सोनीबाई म्हणाली.

रंजीताला गडचिरोलीला हलवलं. पोटात आतून जखम झाली होती, रक्त चढवावं लागलं. लोकेश सुट्टी घेऊन जवळ राहिला. ती वाचली. पण परत आली तेव्हा गालांची हाडं वर आलेली, चार पावलं चालली की धापा. रोवणं तिच्या नशिबातून गेलं.

आता कुणी चांगला माणूस असता तर दवाखान्यात आला असता. गुणवंतराव आले नाहीत. ते बाजारात, पानठेल्यावर बोलत राहिले. "मी इतक्या बायायले गोळी देतो, बाकीच्यायले काऊन नाई झालं काही? मोहाची पेली असन तिनं. यायच्यात चालतेच ना ते." उचलली जीभ लावली टाळ्याला. आमचा जिल्हा दारूबंदीचा. इथे बाईवर असा आळ घेतला की तो तिच्याबरोबर स्मशानापर्यंत जातो. आणि रंजीता मोहाचा वास आला तरी नाकाला पदर लावणारी पोरगी.

मला वाटलं आता सोनीबाई त्यांच्या दारात जाऊन उभी राहील आणि सगळ्या गावासमोर धुऊन काढेल. ती दुसऱ्या दिवशी टोळी घेऊन त्यांच्याच शेतात कामाला गेली.

मी चिडले. लोकही बोलले, पैशापुढे सून काय. ती संध्याकाळी माझ्या पायरीवर येऊन बसली तेव्हा मी मशीनवरून मान वर केली नाही. "लाज वाटते का काही?" मी म्हटलं.

"वाटते ना," ती म्हणाली. "बोजारा झाल्यावर सांगतो किती वाटते ते."

मग मला कळलं आणि मशीन आपोआप थांबली.

बोजारा म्हणजे रोवणा संपल्याचा दिवस. त्या दिवशी मालकानं चिखलात उतरायचं, शेवटची पेंढी आपल्या हातानं लावायची आणि बाया त्याला चिखल फासतात. काहीही बोलतात, काहीही मागतात. मालकानं रागवायचं नसतं आणि बायांनी मागितलेलं नाकारायचं नसतं. वर्षातला तो एकच दिवस मालक बायांच्या हातात असतो. गुणवंतरावांच्या घरची आणखी एक रीत होती. शेवटची पेंढी लागेपर्यंत मालक उपाशी राहायचा आणि मग सगळ्यांबरोबर बांधावर जेवायचा.

तोवर सकाळची वाटी येतच होती. रंजीताच्या उलटीनंतरही येत होती, हे मी कधी विसरणार नाही. सोनीबाई वाटी घ्यायची, पण एकीलाही गोळी द्यायची नाही. बायांना तिनं मॅडमचं बोलणं आपल्या भाषेत सांगितलं. "डॉक्टरनं तुले पाहून लिहून देली, तरच ही गोळी तुही. देली तरी पयले जेवाचं, मंग गोळी, वरून पोटभर पानी. सांगतल्यापेक्षा एक दिवस जास्त नाई. दुखन्याच्या दोन गोळ्या एकावर एक नाई. पोटी लेकरू असन, बीपी असन, किडनीचं काही असन, पोटात पयलेच फोड असन, तर तोंड उघडून सांगाचं. अन्‌ काळं पडलं तर जांभळावर ढकलाचं नाई, त्याच पावली दवाखाना." एका बाईनं विचारलं, एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं. सोनीबाई म्हणाली, "रंजीताले पाह्य."

गोळ्या बंद झाल्या तसं काम हळू झालं. गुणवंतराव बांधावरून म्हणाले, "माय, यंदा हात जड झाले काय?" सोनीबाई हसली. जमवलेल्या गोळ्या तिनं मॅडमकडे नेऊन दिल्या. एक मात्र ठेवली.

बोजाऱ्याच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "उद्या दुकान बंद ठेव, बाई. रंजीताले ऑटोत घेऊन ये."

आम्ही गेलो. सडकेवर माणसं जमलेली, डफडं वाजत होतं, बांधावर मोठ्या गंजात मटण शिजत होतं. रंजीताला मी झाडाखाली बसवलं. गुणवंतरावांनी तिला पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. धोतर खोचून ते चिखलात उतरले, जमलेल्या लोकांकडे बघून हसले. बायांनी गोल केला. आधी पायांना चिखल, मग हातांना, मग गालांना. सगळे हसत होते, तेही हसत होते. "मांगा माय, मांगा. लुगडं पायजे का बकरा?"

"तसं काई नोको, मालक," सोनीबाई म्हणाली. "आमच्यासंग कोरा चहा घ्या."

एकीनं कप पुढे केला. सोनीबाईनं कनवटीची गाठ सोडली आणि चिखलाच्या तळहातावर ती गोळी धरली.

"अन्‌ ही रोवन्याची गोळी. उपाशी पोटी. आमी रोज खाल्ली, तुमी एक दिवस खा. एवढाच बोजारा."

गुणवंतरावांचं हसू चेहऱ्यावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "हे काय मस्करी, माय?"

"मस्करी कायची? तुमी म्हणता ना, कोनाले काई होत नाई."

"मंग घेतो. जेवल्यावर घेतो."

"आमाले कवा जेवल्यावर देली?"

गोल आवळला. कुणी हात लावला नाही त्यांना, पण जायला वाटही नव्हती. चिखलात गुडघ्यापर्यंत रुतलेला माणूस पळणार कुठं? त्यांनी कप घेतला. अर्धा चहा चिखलात सांडला. सोनीबाईनं गोळी त्यांच्या ओठांजवळ नेली. मी खरं सांगते, त्या क्षणी मला वाटत होतं, घाल तोंडात, घाल. ती घालणार होती. मी तिला तसं नंतर विचारलं नाही, कारण तिचे डोळे मी पाहिले होते.

तेवढ्यात बांधावरून मालकीणबाई धावत आल्या. साडीसकट चिखलात उतरल्या, रडत ओरडल्या. "नोका देऊ वो! उपाशी पोटी नोका देऊ! होळीच्या वक्ती याच गोळीनं त्यायच्या पोटातून रक्त गेलं. मरता मरता वाचले. डॉक्टरनं सांगतलं, जलमात घ्याची नाई आता ही गोळी."

डफडं थांबलं.

बाईनं नवऱ्याच्या काळजीपोटी तोंड उघडलं. आपण काय बोललो ते तिला नंतर कळलं, जेव्हा सगळ्या बाया तिच्याकडे न बघता त्याच्याकडे बघायला लागल्या.

"होळीले?" सोनीबाईनं हळूच विचारलं. "म्हंजे रोवन्याच्या पयले."

सोनीबाईलासुद्धा हे माहीत नव्हतं. ती त्याला फक्त गोळी चारायला आली होती. तो सगळं जाणून होता, स्वतःची गोळी बंद करून बायांची वाटी चालू ठेवली, हे तिला त्या चिखलात उभं राहून कळलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला. तिनं गोळीचा हात त्यांच्या ओठांपासून खाली घेतला.

"मले वाटलं," गुणवंतराव पुटपुटले, "तुमचं अंग मेहनतीचं. तुमाले पचते."

सोनीबाईनं त्यांची मूठ उघडली, गोळी आत ठेवली आणि मूठ दाबून बंद केली.

"माह्या सुनेनं दारू पेली होती काय?"

"नाई."

"मोठ्यानं."

"नाई पेली होती."

"मंग कायनं पडली?"

झाडाखाली रंजीता माझा हात धरून बसली होती. तिची नखं माझ्या मनगटात रुतत होती.

"गोळीनं," गुणवंतराव म्हणाले. "माह्या गोळीनं."

सडकेवरच्या शेवटच्या माणसानंही ऐकलं. सोनीबाई वळली आणि बांधावर चढली. तिच्यामागून एकेक बाई. शेवटचा तुकडा लावायचा राहिला होता, पऱ्ह्यांच्या पेंढ्या चिखलात तशाच पडल्या. मटण शिजलं होतं, वास असा सुटला होता की माझ्याही तोंडाला पाणी सुटलं, कारण मी घरून काही न खाता आले होते. पण कुणीही पान घेतलं नाही. मालकीणबाई "जेवून तरी जा" म्हणत राहिल्या. त्यांची मला कीव आली. त्यांच्या नवऱ्याची आली नाही.

मॅडमनी वर कळवलं, कोणीतरी चौकशीला येऊन गेलं. त्याचं काय व्हायचं ते होईल. सोनीबाईनं त्याची वाट पाहिली नाही.

यंदा गुणवंतरावांच्या शेतात उतरायला एकही टोळी तयार नव्हती. दुरून बाया आणायचा प्रयत्न केला, पण त्या बाजारात उतरल्या की त्यांना गोष्ट कळायची आणि त्या दुसऱ्या मालकाकडे जायच्या. पऱ्हे वाफ्यातच वाढून पिवळे पडले. शेवटी ते स्वतः सोनीबाईच्या अंगणात आले. तिनं बाज टाकली, तांब्याभर पाणी दिलं आणि वर गुळाचा खडा ठेवला. "उपाशी पोटी पानी नोका पिऊ, मालक." त्यानंतर ते उठेपर्यंत ती सूप घेऊन तांदूळ पाखडत राहिली.

रंजीता आता माझ्याकडे काजं-बटणाचं काम करते. बसून करायचं काम आहे, आणि दुपारी मी तिला जेवल्याशिवाय मशीनला हात लावू देत नाही.

सोनीबाईची टोळी हल्ली नहराच्या पलीकडच्या शेतात जाते. तिकडे जायला पांदणीनं, शेतांमधल्या गाडीवाटेनं, जवळ पडतं. ती मात्र बायांना सडकेनं, गुणवंतरावांच्या फाटकावरून नेते. त्यांच्या शेताचा मोठा भाग यंदा पडीक राहिला, गवत वाढलंय. तिथे समोरच्या पुलावर सगळ्या बाया सकाळीच शिदोरी सोडतात. पोटभर नाही, पण चार घास, आणि वर पाणी. ज्या बाईला डॉक्टरांनी गोळी लिहून दिली असेल ती तिथेच, जेवल्यावर, पाकिटावरचं नाव वाचता येणाऱ्या बाईकडून वाचून घेते आणि मगच गिळते. पुढची चाल लांबची आहे, वाकायची वेळ येईपर्यंत खाल्लेलं खाली बसतं. आडोसाही सोनीबाईनं नव्या मालकाकडून आधीच बांधून घेतलाय, बांबूच्या तट्ट्यांचा.

गुणवंतराव सकाळी ओसरीवर येतात, पुलाकडे बघतात आणि आत जाऊन दार लावून घेतात. बाया घाई करत नाहीत. सावकाश जेवतात.